काकाजींच्या दोरीच्या गाठी

खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं, हे मला तोंडपाठ होतं. शाळेत क्रीडा विभागाचा प्रभार माझ्याकडे, म्हणजे असायलाच हवं. पण कागदावरचं हे माप जमिनीवर कसं उतरवतात, ते मला येत नव्हतं. जुलैतल्या एका सकाळी मी फक्कीचं घमेलं धरून उभा होतो. समोर सतरा मुली. मी आखलेला आयत, कुणी एक कोपरा धरून ओढत नेल्यासारखा तिरपा झाला होता. नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, काकाजी दोरी लावत होते." दोरी कुठं आहे, मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मुलींना खो-खो शिकवणाऱ्या काकाजींना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत आम्ही त्यांच्या नावानं एक सभा, एक फ्लेक्स आणि रात्रीचे कबड्डी सामने करून मोकळे झालो होतो.

त्या हंगामाचं हे प्रकरण. गावाचं, शाळेचं, माणसांचं नाव लिहीत नाही. गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं, अमरावती जिल्ह्यातलं, एवढं पुरे. पुढं ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या आहेत.

मापारी

काकाजी उपबाजारात मापारी होते. मापारी म्हणजे बाजार समितीचा परवाना घेऊन शेतमाल तोलणारा माणूस. शेतकरी, अडत्या आणि व्यापारी, तिघांचेही डोळे एकाच वेळी त्याच्या हाताकडे असतात. काटा स्थिर होईस्तोवर काकाजी कुणाला पोत्याला बोट लावू देत नसत. मैदानावरही तोच स्वभाव. खो-खोचा खांब जमिनीच्या वर 120 ते 125 सेंटिमीटर असावा लागतो. तो एकदा गाडला की झालं, असं मला वाटायचं. काकाजी पावसाळ्यात तो दर आठवड्याला मोजत, कारण आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि खांब तिच्या मर्जीनं वर-खाली होतो.

या मातीत मैदान राखणं हा धंदाच वेगळा. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जावा. पावसात एकेका चपलेला किलोभर चिखल. आणि जमिनीखालचं पाणी खारं. बोअरचं पाणी शिंपडलं की वाळल्यावर वर पांढरी पापडी धरते. त्या पापडीवर सूर मारणाऱ्या मुलीचं कोपर सोलून निघतं. काकाजींनी वरची माती काढून मुरूम टाकला, त्यावर चाळलेल्या मातीचा थर दिला, आणि पाणी मारायचं ते शेततळ्यातलंच, पावसाचं, ड्रमनं आणून. हे सगळं ई-क्लासच्या जागेवर. बाकी महाराष्ट्र जिला गायरान म्हणतो ती सरकारी जमीन आमच्याकडे ई-क्लास. परवानगी काय, तर कधीकाळच्या एका सरपंचाची मान हलली होती.

हे काम शाळेचं नव्हतं का? होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान सांगितलंय. पण त्याच परिशिष्टात असंही आहे की सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक. आमचा पट शंभरच्या आत. म्हणजे पीटीचे सर नाहीत, हे कायद्याला धरूनच. समग्र शिक्षा अभियानात खेळाच्या साहित्यासाठी उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यातून चेंडू, जाळी, रिंग येतात. पहाटे साडेपाचला मैदानावर येऊन उभा राहणारा माणूस त्यातून येत नाही. तो आम्हाला फुकट मिळाला होता, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीचं आपण जे करतो तेच आम्ही केलं. तिचा हिशोब ठेवला नाही.

साडेपाच ते नऊ

काकाजींची खरी कारागिरी मैदानात नव्हती, वेळात होती. आमच्याकडे तालुक्याच्या शालेय स्पर्धा येतात त्या नेमक्या निंदण-फवारणीच्या आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत. संघ पुढं गेला तर विभागाची तयारी कापूस वेचणीच्या हंगामात. तेव्हा शनिवार-रविवारी, आणि खरं सांगायचं तर इतर वारीही, मुली आईबरोबर वावरात असतात. वेचणीची मजुरी किलोवर. मुलीचे दोन हात कमी म्हणजे संध्याकाळी काट्यावर तेवढं वजन कमी.

बापांना मैदानाचं महत्त्व पटवत बसण्याच्या फंदात काकाजी पडले नाहीत. ते त्यांच्याशी दवाबद्दल बोलले. कापसात दव असेतो वेचत नाहीत. ओला कापूस काट्यावर भरतो खरा, पण खरेदी केंद्रावर मार खातो. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, हमीभाव देते तो 8 टक्के ओलावा धरून, आणि 12 च्या वर गेला तर घेतच नाही. हे मापाऱ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? "दव उडेलोक पोरगी मले द्या. मंग ते तुमची." एवढाच सौदा. साडेपाच ते नऊ. सरावाची ही वेळ मोठमोठ्या शिबिरांतही कुणी इतकी पक्की बसवली नसेल.

या सौद्यात शाळा कुठंच नव्हती, हे शिक्षक म्हणून मला टोचायचं. पण ज्या मुली खेळत त्या दहावीपर्यंत टिकत, हे मी माझ्याच हजेरीपटावर पाहिलंय. टोचणं आणि पाहणं, दोन्ही खरं आहे.

काकाजी देवमाणूस होते, असं सभेत सगळे म्हणाले. मी बारा वर्षं त्यांच्याबरोबर होतो, मला ते देवमाणूस वाटले नाहीत. पंचांशी भांडत. पळतीच्या मुलींवर जास्त जीव, बसून खो घेणाऱ्यांवर कमी. एकदा एका मुलीला हरल्यावर इतकं बोलले की ती दोन आठवडे मैदानाकडे फिरकली नाही. मग स्वतःच तिच्या घरी जाऊन ओट्यावर बसून राहिले, माफी मात्र मागितली नाही. आणि सगळ्यात मोठा दोष, जो आम्हाला त्यांच्या हयातीत गुणच वाटला: ते कुणाला काही करू देत नसत. प्रवेशिका भरायला मी हात पुढे केला की ठरलेलं वाक्य, "राहू द्या न सर, मी पायतो." मी राहू देत असे. राहू देणं सोयीचं होतं.

सभा, फ्लेक्स, सामने

वैशाखातल्या एका रात्री ते झोपेतच गेले. तेरवीनंतर शाळेच्या पटांगणात श्रद्धांजली सभा झाली. एका वक्त्यानं माइकवर सांगितलं की काकाजींनी जाता जाता आपल्या सगळ्यांना खो दिला आहे, आता आपण उठून धावायचं आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मागे बसलेल्या दोन जुन्या खेळाडू मुली एकमेकींकडं पाहून ओठ दाबून हसल्या, ते का, हे मला पुष्कळ नंतर उमगलं. खो पाठीमागून, स्पर्श करून आणि मोठ्यानं उच्चारून द्यावा लागतो. नाहीतर पंच शिट्टी मारतो. काकाजींनी यातलं काहीच केलं नव्हतं. ते उठले आणि निघून गेले.

सभेतच समिती झाली. मी तिच्यात होतो. वर्गणी चांगली जमली. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर काकाजींच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. मग दिव्यांच्या उजेडात दोन रात्री कबड्डीचे सामने, स्मृतिचषक, बाहेरगावचे तगडे संघ. काकाजी आयुष्यभर मुलींना खो-खो शिकवत राहिले आणि त्यांच्या नावाचे सामने पुरुषांच्या कबड्डीचे. कुणाला हे खटकलं नाही, कारण गर्दी कबड्डीला जमते. मी आयोजनात होतो, म्हणून हे उपरोधानं लिहायचा मला फारसा हक्क नाही.

याच काळात मैदानावर पऱ्हाटीचे भारे येऊन पडले. कापूस उलटला की पऱ्हाट्या उपटून सरपणाला रचतात. दरवर्षी कुणीतरी मैदानाच्या कडेला रचायचा प्रयत्न करी आणि काकाजी त्याच्या घरी जाऊन चहा पीत बसत, भारे हलेपर्यंत. या वर्षी चहा प्यायला कुणी गेलं नाही. भाऱ्यांशेजारी गोवऱ्यांचा एक कलवडही उभा राहिला. मी त्याच्या बाजूनं रोज मोटारसायकलवर जात होतो.

ओटीपी

तालुक्याच्या स्पर्धेच्या प्रवेशिका ऑनलाइन भरायच्या. मुदतीच्या दोन दिवस आधी मी संगणकासमोर बसलो. शाळेचं खातं उघडलं, पासवर्ड चुकला, नवा पासवर्ड मागितला, आणि पडद्यावर आलं की नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. शेवटचे दोन आकडे पाहिले. तो नंबर काकाजींचा होता.

शाळेच्या खात्याला शाळेबाहेरच्या माणसाचा नंबर कसा, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी मला विचारला आणि तो बरोबरच होता. खातं उघडताना माझा फोन बिघडलेला होता. "राहू द्या न सर, माहा टाका." मी टाकला. नंतर बदलायचं ठरवलं. सात वर्षं ठरवत होतो.

काकाजींचा मुलगा पुण्याला कंपनीत. बापाचा फोन आठवण म्हणून तो घेऊन गेला होता. रिचार्ज संपून सिम बंद पडलेलं. रिचार्ज करून ओटीपी यायला लागेपर्यंत मुदत टळून गेली. मी कार्यालयात जाऊन विनवण्या केल्या. तिथल्या बाबूंनी शांतपणे सांगितलं की गटांची सोडत झाली आहे, आता एका शाळेसाठी उघडलं तर उद्या दहा येतील. ते चुकले नव्हते.

स्पर्धेच्या दिवशी आमच्या मुली शाळेतच होत्या. बारा जणींच्या संघात दहावीच्या तिघी. सतरा वर्षांखालच्या गटात या शाळेकडून त्यांचं हे शेवटचं वर्ष. दहावीला क्रीडा गुण मिळतात ते वरच्या स्तरांवर खेळलेल्यांना, आणि त्या वरच्या पायरीचा जिना तालुक्यापासून सुरू होतो. पुढं सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचा रस्ताही अशाच प्रमाणपत्रांतून जातो, विभागीय उपसंचालकांकडच्या पडताळणीसकट. आमच्या संघातली प्रत्येक मुलगी तिथवर पोचलीच असती असं नाही. बहुधा एकही पोचली नसती. पण दारच लावून घेतलं ते मी. तिघींपैकी एकीच्या आईला सांगायला गेलो. ती कुटारात, म्हणजे भुशात, हात घालून बसली होती, वर न पाहता म्हणाली, "काकाजी असते त असं नसतं झालं, नाही का सर?" मी हो म्हणालो. त्या वाक्यात तिनं मला दोष दिला नव्हता, हे जास्त लागलं.

थैली

दोन दिवसांनी काकू, म्हणजे काकाजींची बायको, शाळेत आली. हातात मेणकापडाची थैली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून तिनं ती उलटी केली.

शिट्टी. फक्कीचा डबा. क्रेप बँडेज, हळदीची पुडी, ओआरएसची पाकिटं. सेफ्टी पिना एका जुन्या चुंबकाला चिकटलेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेले सॅनिटरी पॅड. ते काकू आणून ठेवी, काकाजी फक्त थैली वाहत. रबरानं बांधलेला काटापट्ट्यांचा, म्हणजे वजनाच्या चिठ्ठ्यांचा, गठ्ठा. दोन फायली, एक हिरवी, एक लाल. आणि निळ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं, तिच्यात जागोजागी रंगीत चिंध्या बांधलेल्या.

"तुमी त्यायचा फोटो लावला," काकू म्हणाली, "पन थैली कोनी नाही मांगतली."

फायलींचं कोडं मी सोडवू शकलो. शालेय स्पर्धेत आमची मुलगी तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग अशी चढत जाते आणि निवड झालीच तर महाराष्ट्राकडून खेळते. पण खेळाच्या संघटनेच्या स्पर्धांत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो. त्याच मुलीचे कागद दोन वाटांनी जातात, वयाच्या पुराव्यापासून फोटोपर्यंत दोनदा. हिरवी फाइल शाळेची, लाल संघटनेची. मी बारा वर्षांत लाल फाइल उघडून पाहिली नव्हती.

काटापट्ट्यांच्या पाठी मात्र वाचायला अख्खी दुपार लागली. एकेका मुलीसाठी एकेक पट्टी. समोरच्या बाजूला कुणाच्या तरी तुरीचं वजन, मागं काकाजींचं बारीक अक्षर. बुटाचा नंबर. बापाच्या फोनऐवजी शेजारणीचा फोन, कारण बाप संध्याकाळी बोलण्याच्या अवस्थेत नसतो. "बुधवारी सोडायची, आजी दवाखाना." "डावा गुडघा, सूर मारू देऊ नये, दिवाळीपर्यंत." एका पट्टीवर फक्त एवढंच: "रडते. विचारू नये." ती मुलगी आता पोलिसात आहे. भरतीचं 800 मीटर आणि 4 किलोचा गोळा, दोन्हीचा सराव तिनं याच मुरमावर केला.

दोरी नववीतल्या त्याच मुलीनं उचलली. लाल चिंधी 16 मीटरवर, पिवळी 27 वर, हे टेप लावल्यावर लगेच कळलं. 29 वर एक काळी, मळकट. खो-खोच्या मैदानाची लांबी पूर्वी 29 मीटर होती, माप बदलल्यावर काकाजींनी जुनी गाठ सोडली नव्हती. पण 31 मीटर 38 सेंटिमीटरवर एक पांढरी होती, ती कशाची? मी गणिताचा शिक्षक आणि मला सुचलं नाही. ती मुलगी फरशीवर खडूनं आयत काढून बसली, 27 चा वर्ग, 16 चा वर्ग, बेरीज 985. "सर, कर्ण हाये हा." दोन्ही कर्ण या गाठीला भिडले की चारही कोपरे काटकोन. नाहीतर माझ्यासारखा तिरपा आयत होतो. सातवीपर्यंत शिकलेल्या मापाऱ्यानं पायथागोरस दोरीत बांधून ठेवला होता, आणि मी तो दरवर्षी फळ्यावर शिकवत होतो.

चिंध्या आणखीही होत्या. 9 आणि 18 वर व्हॉलीबॉलच्या. 12 आणि 8 वर कबड्डीच्या, मुलींच्या मैदानाच्या. एक मात्र कशातच बसेना: सहा मीटरच्या थोडी अलीकडे, जरीच्या काठाची. ती तशीच राहिली.

काय केलं

समितीची बैठक मी परत बोलावली. पहिली सूचना अपेक्षित होती: काकाजींच्या नावानं मंडळ रजिस्टर करू. संस्था नोंदणीला किमान सात सभासद लागतात; आमच्याकडं सात जमले, त्यात अध्यक्षपदाला तिघं. धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचे हिशोब, बदल अर्ज, हे ऐकल्यावर तिघांचा उत्साह जरा उतरला. मी विरोध केला. कारण तत्त्वाचं नव्हतं: मंडळ झालं असतं तर पुढची दोन वर्षं मंडळ चालवण्यात गेली असती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. त्यांचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं. त्यांचा दाखला एकानं दिला. खरा आहे दाखला. पण तिथं आधी आखाडा होता, खेळणारी माणसं होती. आमच्या मैदानावर पऱ्हाटी होती.

त्याऐवजी काकाजी करत ती कामं लिहून काढली, काटापट्ट्यांवरून आणि मुलींना विचारून. एकोणीस निघाली. ती वाचून दाखवली तेव्हा बैठकीत जी शांतता झाली ती श्रद्धांजली सभेतल्या दोन मिनिटांत नव्हती. मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय नेला. तिथं तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया, म्हणून वाटप बायांनीच केलं, आणि आम्ही केलं असतं त्यापेक्षा निर्दयपणे केलं. कागद माझ्याकडे, पण नोंदणीचा नंबर शाळेच्या कार्यालयातल्या फोनचा, आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात पाकिटात. मैदान आखणी मुलींकडेच. बापांशी बोलणं दोन जुन्या खेळाडूंकडे, ज्या आता स्वतःच आया आहेत.

प्रवासाचा नियम लेखी केला: मुलींबरोबर दोन मोठी माणसं, त्यात एक बाई, कुणीही असो, अपवाद नाही. काकाजी हे नियम म्हणून कधी बोलले नाहीत, ते सरळ काकूला सोबत नेत. त्यांच्या भल्या रीतीवर आम्ही वर्षानुवर्षं निर्धास्त होतो. पण पुढच्या माणसाची रीत काय असेल, हे कुणी हमीनं सांगू शकत नाही. बायांना एसटीत 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं सोबतीच्या आईचा खर्च हलका झाला. तिची बुडणारी मजुरी मात्र हलकी नव्हती. ती कबड्डीच्या सामन्यांतून उरलेल्या वर्गणीतून द्यायची, असं मी सुचवलं. समितीतले दोघं रागावले: चषकाचा पैसा मजुरीला? बायांनी मतदान मागितलं. दोघं हरले.

सगळं जमलं असं नाही. पाण्याचं काम ज्यानं अंगावर घेतलं त्यानं दहा दिवसांत सोडलं, आणि शेततळ्याच्या मोटारीच्या किल्लीवरून दोन घरं अजून बोलत नाहीत. आता आठवड्यातून तीनदाच पाणी मिळतं, आणि मुलींची कोपरं तसं सांगतात. पंचांशी भांडायचं काम कुणी घेतलं नाही. ते बरंच झालं. पऱ्हाटीचे भारे मात्र हलले. ग्रामसभेत ठराव झाला की ही जागा खेळासाठी राखावी. ठराव म्हणजे मालकी नव्हे, जमीन ई-क्लासच आहे आणि उद्या वरून दुसरं काही आलं तर ठरावाचा कागद किती तग धरेल, मी सांगू शकत नाही. पण तोंडी मान हलवण्यापेक्षा तो एक पायरी वर आहे.

पुढच्या हंगामात प्रवेशिका मुदतीच्या नऊ दिवस आधी गेल्या. तालुका जिंकला. जिल्ह्यात दुसऱ्याच सामन्यात हरलो, एका डावानं, स्वच्छ हरलो. परतताना एसटीत मुली गाणी म्हणत होत्या आणि सोबत आलेली आई खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तिचा तो त्या महिन्यातला पहिला सुटीचा दिवस असावा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोन्ही जिंकले, मुलींची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. शाळेच्या प्रोजेक्टरवर आम्ही तो पाहिला. आमच्या पोरींचं लक्ष चषकापेक्षा मॅटकडे जास्त. "सर, यायचे कोपर नसतील सोलत."

दोरी रोज वापरून झिजत चालली, तेव्हा नवी आणली. गाठी मोजून बदलायच्या म्हणून जुनी शाळेच्या व्हरांड्यात पसरली होती. काकू पोषण आहाराच्या खोलीकडं जाता जाता थांबली. ती जरीची चिंधी मी तिला दाखवली, म्हटलं, एवढी एकच गाठ लागत नाही बघा, काय खेळ असेल हा?

तिनं वाकून चिंधी बोटात धरली. "खेळ कायचा सर. माह्या लुगड्याचा काठ हाये तो. मीच बांधला. निंबापासून त न्हानीपर्यंत माही कपडे वायवाची दोरी होती हे. एक दिवस घरी आली त दोरी नाही." आणि मग, भेंडोळं गुंडाळत, "नवी आनली न आता तुमी? मंग हे वापस नेऊ का?"

नेली. परवा तिच्या दारावरून गेलो तेव्हा निंबापासून न्हाणीपर्यंत ती ताणलेली होती, आणि त्यावर लुगडी वाळत होती. उरलेली दोरी, लाल, पिवळ्या, पांढऱ्या चिंध्यांसकट, तिनं निंबाच्या खोडाला गुंडाळून ठेवली होती.